न गळणारा हौद

चंपतरावांनी उभ्या आयुष्यात एकसष्ट विहिरी बांधल्या आणि एकीतलाही झरा बुजवला नाही. तळातून दगडी बांधकाम वर आणताना जिथे झरा लागेल तिथे बोटभर फट सोडायची, पाण्याला वाट ठेवायची, ही विहीर बांधणाऱ्याची पहिली शपथ. झरा बुजवला तर वंश बुजतो, असं त्यांच्या बापाने सांगितलं होतं. बापाच्या बाकी गोष्टी ते विसरले असतील, ही नव्हते विसरले. म्हणून पुढे जे घडलं त्याचं नवल वाटतं. नवल तरी कसलं म्हणा. माणूस ठेच खातो ती आपल्या हुशारीच्याच जागी.

बोअरवेल आल्या आणि विहिरी बांधणं संपलं. तलमडुगु मंडलातल्या आपल्या गावी चंपतराव दोन एकर ज्वारी-कापूस करत बसले होते, तेव्हा सरकारने आदिलाबादच्या बाहेर, काळ्या रानात, जलतरण तलाव बांधायला काढला. पन्नास मीटर लांब, निळ्या फरश्यांचा. असला तलाव त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. पोरं आजवर पोहली ती विहिरीत आणि नाल्यात, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. ठेकेदाराला काळ्या मातीत खोल काम केलेला माणूस हवा होता. चंपतराव मुकादम झाले, आणि त्यांची बायको मथुराबाई बायकांच्या टोळीची म्होरकी झाली. तसंही चाळीस वर्षं ती त्यांच्याबरोबर विहिरींतच उतरत आली होती.

तलावाचा नकाशा अमृतराव इंजिनियरांचा. हे मूळचे निर्मलचे. लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेले. जड वस्तूचा त्यांना मनापासून राग. छताला त्यांनी एकही खांब ठेवला नव्हता. दोन लोखंडी कमानी, त्यांच्यावर ताणलेलं पांढरं जाड कापड, आणि त्या कापडाच्या कडेपासून खाली उतरलेले चाळीस पोलादी दोर. दोरांची खालची टोकं हौदाच्या काठात, काँक्रीटमध्ये पक्की केलेली.

"चंपतराव, या छताला पडायची भीती नाही, उडायची आहे," अमृतराव म्हणाले होते. "त्याला धरून ठेवणार हौद, आणि हौदाला धरून ठेवणार पाणी."

वारा सुटला की ते दोर घुमत. चंपतरावांना त्याची इतकी सवय झाली की रोज सकाळी कामावर आलं की हौदाभोवती फेरी मारायची आणि प्रत्येक दोरावर करणीचा दांडा ठोकून पाहायचा. टण्ण वाजला की पुढे. तबला जुळवावा तसं ते म्हातारं रोज छत जुळवून पाहत असे, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत.

काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की कोपरापर्यंत हात जावा, आणि पावसाळ्यात अशी फुगते की घराची भिंत उचलते. अमृतरावांनी ते ओळखलं होतं. तळाचं काँक्रीट घालायच्या आधी त्यांनी चंपतरावांना समोर बसवून सांगितलं, "पावसाळ्यात या मातीत पाणी भरलं की आपला हौद म्हणजे चिखलात ठेवलेली नाव. भरलेली आहे तोवर बसून राहील. रिकामी केली की वर येईल. म्हणून जून ते नोव्हेंबर हौद उपसायचा नाही. आणि कोणी उपसलाच, तर त्यासाठी तळात या आठ झडपा. खालच्या पाण्याचा जोर वाढला की आपोआप उघडतील, पाणी आत घेतील, हौद जागच्या जागी राहील."

चंपतरावांनी मान हलवली. ऐकलं सगळं, पटलं अर्धंच. एकसष्ट विहिरी त्यांनी भर पावसाळ्यातही उपसल्या होत्या. एकही विहीर वर आली नव्हती.

जुलैत ठेकेदाराने अमृतरावांच्या मागे चाचणीसाठी हौद पहिल्यांदा अर्धा भरून परत रिकामा केला. आठवडाभर पाऊस झाला होता. आठही झडपांच्या पितळी जाळ्यांतून गढूळ पाणी पाझरायला लागलं, निळ्या फरशीवर मातकट ओघळ आले. झडपा आपलं काम करत होत्या. पण फरशी बसवायला आलेली बाहेरगावची माणसं फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "बुढ्ढे का हौज तो रोता है." विहिरीला पाझर असणं म्हणजे भूषण. हौदाला पाझर असणं म्हणजे बांधणाऱ्याच्या तोंडाला काळं. चंपतरावांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी, माणसं जेवायला गेलेली असताना, ते एकटे तळात उतरले. आठही जाळ्या उचकटल्या, झडपांत झटपट धरणारं सिमेंट ठासून भरलं आणि जाळ्या परत जागेवर बसवल्या. वरून काही कळू नये असं सफाईचं काम झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर पावसानेही उघडीप दिली आणि हौद कोरडा ठणठणीत राहिला. अमृतराव त्या पंधरवड्यात हैदराबादला होते. आले तोवर हौद भरून झाला होता. ठेकेदार पाहुण्यांना आणून दाखवायला लागला, "इस बुढ्ढे के हौज से एक बूँद नहीं टपकती." मथुराबाईने हे गावात सांगितलं, बाजारात सांगितलं, भैंशाला दिलेल्या लेकीला, रेणुकाला, फोनवर सांगितलं. चंपतराव ऐकत आणि मिशीवरून हात फिरवत. खरं सांगायचं तर महिनाभरात त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं की आपण काही वाईट केलेलं नाही.

मग जिल्ह्याची वाटणी निघाली. चंपतरावांच्या आजाने निजाम जाताना पाहिला होता, बापाने हैदराबाद राज्य मोडताना पाहिलं होतं. त्यांच्या वाट्याला ही. दसऱ्याला एका जिल्ह्याचे चार होणार होते. कचेऱ्यांत भाऊबंदकीची कळा आली. कपाटं, खुर्च्या, शिपाई, जीपगाड्या, सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. अमृतरावांची बदली निर्मलला झाली. त्यांच्या टेबलामागचं कपाटही टेम्पोत चढून निर्मलला गेलं, आणि त्या कपाटात तलावाच्या नकाशांची गुंडाळी होती, 'जून ते नोव्हेंबर उपसू नये' असं तांबड्या शाईने लिहिलेला कागद होता. त्यांच्या जागी आलेले साहेब वरंगलकडचे, चांगले सरळ गृहस्थ. पण त्यांच्याकडे तलावाचा म्हणून आला तो एक किल्ल्यांचा जुडगा.

नव्या जिल्ह्याच्या मुहूर्तावर, दसऱ्यालाच, तलावाचं उद्घाटन ठरलं. पाऊस काही उसंत देत नव्हता. सप्टेंबरचे शेवटचे दहा दिवस आभाळ गळत राहिलं. रानात पाय ठेवला की घोटाभर रुतत होता.

दसऱ्याला अकरा दिवस उरले असताना सकाळी हौदात एक वानर मरून तरंगताना दिसलं. छताच्या ओल्या कापडावरून घसरलं असणार. हौदाच्या कडा गुळगुळीत, पाणी काठापासून दीड हात खाली, शिडी काढून ठेवलेली. बिचारं रात्रभर कडेकडेने पोहत फिरलं असेल. निळ्या फरशीवर त्याच्या नखांचे ओरखडे चहूबाजूंनी होते.

वानर म्हणजे मारुती. बायकांनी त्याला नवं फडकं पांघरलं, हळद-गुलाल वाहिला आणि बांधावर खड्डा करून पुरलं. हात धुतल्यावर मथुराबाई म्हणाली, "आता पानी उपसा लागते."

रीत तशीच होती. विहिरीत जीव गेला तर ती पूर्ण उपसायची, तळ घासायचा, तीनदा पाणी मारायचं आणि नव्या पाण्याला सवाष्णीने हळद-कुंकू वाहायचं. तोवर त्या पाण्याला कोणी शिवत नाही. चंपतरावांनी स्वतः अशा विहिरी कितीतरी उपसल्या होत्या.

"हौद हाय तो, विहीर नाही," चंपतराव म्हणाले.

"पानी तं पानीच अस्ते. मारुती मेला त्याच्यात. दसऱ्याले लेकरं उतरतीन त्या पान्यात."

बोलाचालीत गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. गावची चार वजनदार माणसं जाऊन सांगून आली की पाणी बदलल्याशिवाय पूजेला कोणी बसणार नाही. साहेबांना हरकत घ्यायचं कारणच नव्हतं. त्यांनी चंपतरावांना बोलावून विचारलं, "मुकादम, पानी खाली करने में कोई दिक्कत?"

चंपतराव तिथे उभे होते. हो म्हणायला एक शब्द पुरे होता. पण हो म्हटलं की साहेब विचारणार का. झडपा आहेत असं सांगितलं की म्हणणार, मग काय अडलं. आणि मग तळाच्या त्या आठ जाळ्या उचकटाव्या लागणार. "अमृतराव साहेबांना एक बार पूछता," एवढंच ते बोलले.

पडवीत जाऊन त्यांनी निर्मलला फोन लावला. पलीकडे टेबलं ओढल्याचे आवाज येत होते.

"या पावसात उपसायचा?" अमृतराव म्हणाले. "नकोच खरं तर. मी साहेबांशी बोलू का?" मग थोडं थांबून, "पण लोकांचं तसं म्हणणं असेल तर अडवून तरी काय करणार, चंपतराव. हळूहळू उपसा, दोन दिवस लावा. खालचं पाणी झडपांमधून आत येत राहील, ते चालायचंच. झडपा ठीक आहेत ना?"

हीच वेळ होती. फोनवर फक्त एक माणूस ऐकत होता, तोही चांगला, समजून घेणारा. शिव्या दिल्या असत्या तर दोन दिल्या असत्या.

"हो जी," ते म्हणाले. "ठीक हायत."

"मग काही भीती नाही," अमृतराव म्हणाले आणि कोणी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पंप दुपारी सुरू झाले. संध्याकाळी घरी चुलीपुढे बसल्यावर चंपतराव भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवत होते. मथुराबाईने पाहिलं.

"काऊन जेवून नाही राह्यले? तब्येत बरी नाही का?"

"मथुरा, तू परवा हौदात उतरू नको. दुसऱ्या बायाइले उतरू दे."

"अन् म्या काऊन नाही? मुकादमाची बायको म्हनून वर खुर्ची टाकून बसू का?" ती हसली. "आजवर तुमी बांधलं अन् म्या तळ घासला. एवढ्या विहिरीत उतरली, आता या फरशीच्या हौदाले भेऊ?"

"त्या हौदाचं असं हाय..." त्यांनी सुरुवात केली.

"काय हाय त्याचं? अवघ्या तालुक्यात नाव झालं तुमचं. काल आपल्या टोळीतल्या विमलबाईचा नवरा म्हने, एक थेंब गळत नाही म्हनते चंपतरावच्या हौदातून. म्या म्हनलं, गळंन कसा? हात कोनाचा हाय."

हे ती इतक्या मायेने बोलली की पुढचे शब्द चंपतरावांनी भाकरीबरोबर गिळून टाकले. विहिरी कुठे वर आल्या कधी, हा हौद तरी कशाला येतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण पाठ टेकली तरी कानात पंपांची घरघर येत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता, वारा मात्र चांगला सुटला होता. हौदाचा उथळ भाग उघडा पडला होता, खोल भागात गुडघाभर पाणी उरलं होतं. मथुराबाई आणि आणखी पाच बायका लोखंडी शिडीने तळात उतरल्या, चुना आणि काथ्या घेऊन. निळ्या फरशीवर त्यांची लुगडी खोचलेली, हात सपासप चालू. विमलबाई काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्यांचं हसू त्या मोठ्या पोकळीत फिरून वर आलं.

एक झडप बायकांच्या पायाजवळच होती. जाळी कोरडी होती. दहा-बारा दिवसांचा पाऊस मातीत मुरलेला, चहूकडे रानात पाणी उभं, आणि जाळी कोरडी. विहीर असती तर एव्हाना सगळ्या फटींतून पाणी धावलं असतं.

तेव्हा चंपतरावांच्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजेड पडला. विहीर वर येत नाही, कारण ती पाण्याला आत घेते. तिला झरे असतात. आणि हे आठ, ज्यांना इंजिनियर झडपा म्हणत होते, ते झरेच होते. ज्या हातांनी जन्मात कधी झरा बुजवला नव्हता, त्यांनी एका दुपारी आठ बुजवले.

ते तसेच खोल बाजूच्या दोरांकडे निघाले. करणीचा दांडा पहिल्या दोरावर ठोकला. थप्प, असा मेलेला आवाज आला. दुसरा, तिसरा, तसेच. वारा वाहत होता आणि त्या बाजूचा एकही दोर घुमत नव्हता. त्यांनी खाली पाहिलं. हौदाचा काठ आणि बाहेरची फरसबंदी काल एका पातळीत होती. आता मधे चार बोटांची पायरी पडली होती, आणि त्या फटीतून ओली काळी माती दिसत होती. छताचं कापड त्या बाजूला सैल पडून फडफडायला लागलं.

"वर या," चंपतराव ओरडले. "अवघ्या वर या. मथुरा, बायाइले घेऊन वर ये."

बायकांनी माना वर केल्या. त्यांना काही दिसत नव्हतं, तळ साफ होता. पण मथुराबाईला नवऱ्याचा आवाज माहीत होता. तिने कुणाला काही विचारलं नाही. "चला व्हा गं पुढं," म्हणत एकेकीला शिडीकडे ढकलायला लागली. शिडी एकच होती.

चंपतरावांनी पहार उचलली आणि काठावरून खाली उडी टाकली. वय सदुसष्ट, पाय लचकला, तरी ते थांबले नाहीत. सरळ पहिल्या जाळीवर गेले, ती उचकटली आणि सिमेंटवर पहार घातली. चार घावांत ते फुटलं आणि गढूळ पाण्याचा पुरुषभर उंच कारंजा उसळला. दुसरी जाळी. तिसरी. कुठे शोधावं लागलं नाही, कुठे थांबावं लागलं नाही. वर गोळा झालेली माणसं बघत होती की म्हातारं पाण्याखालची प्रत्येक जागा न पाहता गाठतंय.

मथुराबाईनेही ते पाहिलं. चौघी वर गेल्या होत्या, विमलबाई शिडीवर होती. शिडी धरून उभ्या असलेल्या मथुराबाईने नवऱ्याकडे पाहिलं, फुटलेल्या सिमेंटकडे पाहिलं. चाळीस वर्षं तिने हे काम त्यांच्याबरोबर केलं होतं. भरलेला झरा कसा दिसतो हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"तुमीच बुजवले?" ती म्हणाली.

चंपतरावांनी चौथ्या झडपेवर पहार उचललेली होती. "हो," ते म्हणाले.

विमलबाई वर पोचली. मथुराबाईने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला, निम्म्यावर पोचली. तेव्हा खालून कोणी खांदा द्यावा तसा हौद उचलला गेला. हातभरसुद्धा नसेल, पण एका बाजूने आणि एका झटक्यात. काठात अडकवलेला शिडीचा आकडा निसटला आणि शिडी मागे कलली. मथुराबाई पाठीवर पडली, डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. चंपतराव पोचले तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि केसांतून मातकट पाणी वाहत होतं. गाडी येईस्तोवर ती गेली होती.

उद्घाटन झालं नाही. दसऱ्याला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, झेंडे लागले, पेढे वाटले. मग चौकशी आली. बैल गेला अन् झोपा केला. चौकशीच्या कागदावर अतिवृष्टी असं कारण लिहायचं चाललं होतं, आणि त्यात कुणाचंच वाईट नव्हतं. निर्मलहून अमृतराव आले होते. चंपतरावांनी त्यांना हाताला धरून काठावर नेलं आणि न फुटलेल्या चार झडपा कुठे आहेत ते दाखवलं. "साहेब, म्या बुजवल्या. फोनवर लबाड बोललो," ते म्हणाले. अमृतरावांनी कागदावरचं कारण खोडलं.

हौदात फुटलेल्या चार झऱ्यांनी पाणी भरलं होतं, अगदी रानाच्या पाण्याच्या पातळीइतकं, आणि तिथे ते थांबलं होतं. सैल दोर मुके लोंबत होते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी रेणुका बापाबरोबर तिथे आली. तिच्या हातात हळद-कुंकवाची वाटी आणि तांब्या होता. काठावर उभी राहून ती म्हणाली, "बाबा, आई गेली याच्यात. पानी उपसा लागते ना? तिनं सांगितलं असतं तं पहिलं हेच सांगितलं असतं."

"उपसायचं नाही, बाई."

"काऊन?"

मग चंपतरावांनी तिला सगळं सांगितलं, जुलैतल्या त्या दुपारपासून. साहेबांपुढे उभे राहिलो ते, फोनवर हो म्हणालो ते, चुलीपुढे शब्द गिळला तो. काही राखून ठेवलं नाही. सांगून झाल्यावर रेणुकाने तांब्या खाली ठेवला.

"आइले तरी सांगाचं होतं," ती म्हणाली. "ती कोनाले बोलली असती का? काऊन नाही सांगितलं तिले?"

चंपतरावांनी खालच्या गढूळ पाण्याकडे पाहिलं.

"ती म्हने," ते म्हणाले, "तुमच्या हौदातून थेंब गळत नाही."

रेणुकाने हळद-कुंकू तसंच वाटीत झाकलं आणि ती रस्त्याकडे चालायला लागली. चंपतराव तिच्यामागून गेले नाहीत. त्यांनी कमरेची करणी काढून बाजूला ठेवली आणि ते काठावर बसून राहिले.